वजाबाकीचे स्थापत्य : वेरूळच्या कैलास लेण्याचा प्रकरण अभ्यास

मराठवाड्यात ज्याच्या शेतात विहीर खोदली गेली आहे, त्याला खडकाचा स्वभाव पुस्तकातून शिकावा लागत नाही. आधी काळी माती, मग मुरूम, मग पहारीला दाद न देणारा काळा पाषाण, मध्येच बारीक भोकांचा मांजऱ्या खडक आणि दोन थरांच्या सांध्यावर एखादा तांबड्या मातीचा पट्टा, असा क्रम आमच्याकडच्या कितीतरी विहिरींत दिसतो. माझ्या लहानपणी आमच्या शेतात विहीर खोदायला घेतली, तेव्हा टोळीच्या म्होरक्याने पहिल्या दिवशी मध्यभागी खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ आखले आणि पुढे दर दोन-तीन हात खोलीला काठावरून ओळंबा सोडून तो कड तपासत राहिला. पुढे बांधकामाच्या कामात माझी अनेक वर्षे गेली, परंतु वेरूळचे कैलास लेणे समजून घेताना मला त्या विहिरीचाच सर्वाधिक उपयोग झाला, कारण दोन्ही कामांचा प्रश्न मुळात एकच आहे : खडकात वरून खाली उतरायचे, उतरताना माप हलू द्यायचे नाही, आणि एकदा काढलेला दगड परत लावता येत नाही हे प्रत्येक घावाला लक्षात ठेवायचे.

विहिरीत मात्र मधला दगड काढून टाकायचा असतो. कैलासात मधला दगड ठेवायचा होता, आणि त्या दगडाच्या आत शिखर, मंडप, खांब, पायऱ्या, पूल आणि हत्ती कुठे आहेत हे आधी ठरवून ठेवायचे होते.

परिस्थिती

वेरूळ हे छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर, खुलताबाद तालुक्यातील गाव आहे. गावाजवळच्या पश्चिमाभिमुख डोंगरकड्यात क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. त्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन असून, १९८३ साली या समूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. क्रमांक १६ चे लेणे म्हणजे कैलास. राष्ट्रकूट घराण्यातील पहिला कृष्ण, ज्याचा राज्यकाळ सुमारे इ. स. ७५६ ते ७७३ असा मानला जातो, त्याच्याकडे या मंदिराच्या मुख्य भागाचे श्रेय जाते. त्याला आधार आहे तो याच घराण्याच्या गुजरात शाखेतील कर्कराजाच्या, इ. स. ८१२ च्या सुमाराच्या बडोदे ताम्रपटाचा. त्यात कृष्णराजाने एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावर उभारलेल्या शिवमंदिराचे वर्णन आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून चकित झाले आणि ज्याने ते घडवले त्या शिल्प्यालाही आपण हे कसे केले याचे नवल वाटले, असे त्यात म्हटले आहे.

डोंगरात खोदलेला खड्डा सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे, आणि मागील बाजूस त्याची खोली सुमारे १०७ फूट भरते. त्यात सुटे उभे असलेले मंदिर विमानाच्या, म्हणजे गर्भगृहावरच्या शिखराच्या, माथ्यापर्यंत सुमारे ९६ फूट उंच आहे. प्रवेशद्वार, नंदीमंडप, १६ खांबांचा सभामंडप, गर्भगृह, त्याभोवतीची पाच उपमंदिरे, अंगणातले दोन ध्वजस्तंभ आणि हत्ती हे सारे एकाच डोंगराचे भाग असून मूळ जागेवरच आहेत.

हे काम अनुभवाशिवाय हाती घेतलेले नव्हते. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांपासून मोजले, तर कृष्णराजाच्या काळापर्यंत या डोंगररांगांत खोदकामाला सुमारे हजार वर्षे होत आली होती. कन्नडजवळचे पितळखोरे, धाराशिवची लेणी आणि लातूरकडील खरोसा ही त्याच परंपरेची आपल्या भागातली ठिकाणे होत. अधिक महत्त्वाचे म्हणजे, शेजारच्या १५ क्रमांकाच्या दशावतार लेण्याच्या अंगणात खडकात सुटा ठेवलेला एक मंडप आहे आणि त्यावर कृष्णाचा पुतण्या व आधीचा राजा दंतिदुर्ग याचा लेख आहे. आजूबाजूचा दगड काढून मधला भाग इमारत म्हणून उभा ठेवण्याचा लहान प्रयोग अशा रीतीने अगदी शेजारीच झालेला दिसतो. मोठे काम करण्यापूर्वी त्याच खडकात लहान काम करून पाहण्याची ही पद्धत कोणत्याही काळातील अभियंत्याला ओळखीची वाटेल.

डोंगराचा उतार आणि देवळाचा आकार

कैलासाचा आराखडा कर्नाटकातील पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी फार जवळचा आहे, यावर अभ्यासकांचे बहुतांशी एकमत आहे. चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याची राणी लोकमहादेवी हिने ते मंदिर सुमारे इ. स. ७४० मध्ये बांधवले, आणि पुढच्या काही वर्षांत चालुक्यांची सत्ता राष्ट्रकूटांकडे आली. विरूपाक्ष दगडावर दगड रचून, खालून वर बांधलेले आहे. म्हणजे वेरूळच्या शिल्पींसमोर पूर्ण झालेले, मापे घेता येण्याजोगे एक मंदिर होते, आणि त्यांना तोच अनुभव उलट्या क्रमाने वापरायचा होता. नसलेली वस्तू खडकात कल्पिणे फार कठीण असते. असलेली वस्तू मापासह डोळ्यांपुढे ठेवून ती खडकात शोधणे त्या मानाने शक्य कोटीतले होते.

या निवडीचा एक परिणाम मला विशेष लक्षणीय वाटतो. द्राविड, म्हणजे दक्षिण भारतीय, पद्धतीच्या मंदिराची बाजूने दिसणारी रेषा पाहिली, तर पुढचे द्वार ठेंगणे, नंदीमंडप त्याहून उंच, सभामंडप मध्यम आणि सर्वांत मागे गर्भगृहावरचे विमान सर्वांत उंच असते. वेरूळचा डोंगर पश्चिमेला उतरतो आणि पूर्वेला चढतो. मंदिराचे तोंड पश्चिमेला ठेवले की मंदिराची चढती रेषा आणि डोंगराची चढती रेषा एकमेकींना समांतर येतात. मागे १०७ फूट खडक उपलब्ध आहे, तिथे ९६ फुटांचे विमान; पुढे खडक कमी आहे, तिथे ठेंगणे द्वार. हाच आराखडा उलट दिशेने, पूर्वेकडे तोंड करून बसवला असता तर उंच विमानासाठी लागणारा दगड डोंगराच्या उताराबाहेर, हवेत शोधावा लागला असता. जागेची निवड, दिशेची निवड आणि शैलीची निवड हे येथे वेगवेगळे निर्णय राहत नाहीत, आणि पहिला घाव घालण्यापूर्वीच्या या एका विचारात अर्धे काम झाले होते असे मी मानतो.

खोदण्याचा क्रम

सर्वसाधारणपणे मान्य असलेला क्रम असा आहे. डोंगराच्या माथ्यावरून कड्याकडे जाणारे दोन लांब चर खोदण्यात आले आणि मागच्या बाजूने त्यांना जोडणारा एक आडवा चर. तिन्ही चर खोल होत गेले तसा मधला खडकाचा ठोकळा तीन बाजूंनी सुटा होत गेला. त्या ठोकळ्यावर वरून काम सुरू झाले : आधी शिखर, मग मंडपाचे छत, मग भिंती, मग अधिष्ठान, म्हणजे जोता.

वरून खाली येण्याचा पहिला फायदा असा की परांचीची गरज उरली नाही. बांधकामात जितकी उंची वाढते तितकी लाकडी परांची उंच करावी लागते; येथे ज्या खडकावर कारागीर उभा होता, तो न खोदलेला खडकच त्याची जमीन होती, आणि काम उतरत गेले तशी ती जमीनही उतरत गेली. दुसरा फायदा असा की वरून पडणारा दगड नेहमी न झालेल्या कामावर पडत असे, झालेल्या नक्षीवर नाही. शिखर पूर्ण होऊन त्यावरची शेवटची टाकी (छिन्नी) फिरली, की ते भाग पुन्हा कोणाच्या पायाखाली येण्याचे कारण नव्हते.

दगड बाहेर नेण्याचा प्रश्न याच क्रमाने सुटतो. खड्डा डोंगराच्या उतारावर असल्यामुळे वरचे थर खोदताना पश्चिमेची बाजू उघडीच राहते. कड्याकडे जाणारे दोन्ही लांब चर म्हणजे एकाच वेळी खोदकाम आणि रस्ता. दगड खड्ड्यातून वर ओढून काढण्याऐवजी तो चरांतून उताराकडे ढकलता येतो, आणि पावसाचे पाणीही त्याच वाटेने जाते. अगदी खालच्या टप्प्यात, पुढच्या बाजूला प्रवेशद्वारासाठी खडकाची आडभिंत राखून ठेवल्यावर मात्र दगडाला दारातूनच जावे लागले असले पाहिजे. आमच्या विहिरीवर दगड वर खेचण्यासाठी यारी बसवावी लागली होती, आणि त्या कामाचा बराचसा खर्च तिथेच गेला. कैलासाच्या योजकाने तो खर्च जागेच्या निवडीतच वाचवला.

सर्वांत धाडसी निर्णय मला अधिष्ठानाचा वाटतो. मंदिराची जमीन अंगणापासून सुमारे २५ फूट उंच ठेवली आहे आणि तो सगळा जोता भरीव आहे. त्याच्या बाह्य अंगावर हत्ती व सिंहांची रांग कोरली असून मंदिर त्यांच्या पाठीवर पेलले आहे असे दिसते. म्हणजे ९६ फुटांपैकी पाव भाग उंचीचा दगड आतून न पोखरता सोडून दिला. त्यामुळे सभामंडप आणि विमान यांचे वजन भरीव खडकावर बसले. दुसरे असे की शंभर फूट खोल खड्ड्याच्या तळाशी मंडप असता तर तो दिवसाचा बराच काळ अंधारात राहिला असता. जमीन वर घेतल्यामुळे त्याला प्रकाश मिळाला आणि नंदीमंडप व द्वाराच्या वरच्या मजल्याशी तो पुलांनी जोडता आला.

दगडाचा हिशेब

कैलासाविषयी आज समाजमाध्यमांवर जे फिरते, त्याचे मला मनापासून वाईट वाटते. चार लाख टन दगड अठरा वर्षांत काढणे माणसाला शक्यच नाही, म्हणून हे काम परग्रहावरून आलेल्यांचे किंवा लुप्त झालेल्या यंत्रांचे, अशा चित्रफिती लाखो लोक पाहतात. ज्यांच्या हातांना घट्टे पडले त्यांच्याकडून त्यांचे काम काढून घेण्याचा हा प्रकार आहे, म्हणून त्या हिशेबाची फोड करणे आवश्यक आहे.

खड्डा ही सरळ पेटी मानली, तर २७६ × १५४ × १०७ म्हणजे सुमारे ४५.५ लाख घनफूट होतात. काळ्या पाषाणाचा एक घनफूट सुमारे ८० किलो भरतो. म्हणजे साडेतीन लाख टनांहून अधिक वजन झाले. चार लाखांसारखे आकडे बहुधा अशाच गणितातून येतात. पण खड्डा पेटी नाही. १०७ फूट ही खोली फक्त मागची आहे आणि डोंगर पुढे उतरत जातो, त्यामुळे काढलेल्या दगडाचा आकार ढोबळमानाने पाचरीसारखा आहे, आणि पाचरीचे घनफळ पेटीच्या निम्मे असते. म्हणजे सुमारे २२ ते २३ लाख घनफूट. त्यातून जो दगड काढलाच नाही, म्हणजे खुद्द मंदिर, तो वजा केला की वीस लाखांच्या आसपास येऊन आपण थांबतो. वजन सुमारे १.६ लाख टन.

आता मनुष्यबळ. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी असा अंदाज मांडला होता की एक कारागीर दिवसाला सुमारे ४ घनफूट खडक काढू शकतो आणि २५० कारागीर हे खोदकाम साडेपाच वर्षांत करू शकले असते. २५० माणसे, प्रत्येकी ४ घनफूट, म्हणजे रोज १,००० घनफूट. साडेपाच वर्षांचे सुमारे २,००० दिवस. एकूण वीस लाख घनफूट. आपण पाचरीच्या रीतीने काढलेल्या अंदाजाशी हा आकडा जुळतो. कोणी म्हणेल की पावसाळ्यात आणि सणावाराला काम बंद असणार. ते मान्य करून वर्षाला २५० दिवस धरले तरी काम आठ वर्षांत बसते, आणि कृष्णराजाचा राज्यकाळ सतरा वर्षांचा आहे.

रोजचे १,००० घनफूट म्हणजे ८० टन. वीस किलोची एक पाटी धरली तर रोजच्या चार हजार पाट्या होतात, आणि दोनशे माणसांनी वाहिल्या तर एकाच्या वाट्याला दिवसाकाठी वीस खेपा येतात. हे कष्टाचे काम आहे, पण ज्याने ऊसतोडीच्या फडात किंवा दुष्काळी कामावर माणसे पाहिली आहेत, त्याला ते अशक्य वाटणार नाही. त्यांच्या जोडीला टाक्यांना धार लावून पाणी देणारे लोहार, पाणके आणि स्वयंपाक करणारे लागले असणारच. लोखंडाची टाकी काळ्या पाषाणावर लवकर बोथट होते आणि लोहाराचा भाता थांबला की खोदकाम थांबते.

‘एवढा दगड गेला कुठे’ असाही प्रश्न विचारला जातो. वीस लाख घनफूट म्हणजे सुमारे ५७ हजार घनमीटर. एक मीटर जाडीचा थर करून पसरला तर तो सुमारे चौदा एकरांत मावतो. फुटलेल्या दगडाला पोकळी राहत असल्याने थोडी अधिक जागा धरा. बाराशे वर्षांत उताराखाली, भरावात आणि बांधकामात जिरून जायला हे ढीग काही फार मोठे नाहीत.

हा हिशेब फक्त खोदकामाचा आहे. मूर्ती, वेलबुट्टी, गिलावा आणि रंग यांचा काळ वेगळा मोजावा लागतो. मंदिरावर पांढरा गिलावा होता आणि मंडपाच्या छतावर चित्रांचे अवशेष आजही दिसतात. लेण्याला ‘रंगमहाल’ म्हणत, ते त्यामुळेच.

कोकसाची कथा आणि दोरीचा धनी

मराठीत या लेण्याविषयी एक मध्ययुगीन कथा आहे. राजाचा रोग बरा व्हावा म्हणून राणीने एलापूरच्या देवाला मंदिराचा नवस केला आणि राजा बरा झाल्यावर शिखर डोळ्यांनी पाहीपर्यंत अन्न घेणार नाही असे व्रत धरले. इतर शिल्प्यांना महिने लागणार होते. तेव्हा पैठणचा कोकस नावाचा शिल्पी पुढे आला आणि आठवड्याभरात शिखर दाखवतो म्हणाला. त्याने डोंगराच्या माथ्यावरून काम सुरू केले, शिखर आधी घडवले आणि राणीचे व्रत सुटले. राणीच्या नावावरून मंदिराला माणिकेश्वर हे नाव पडले. पुढील शतकांतील मध्य भारतातील काही कोरीव लेखांत शिल्पी आपले कूळ कोकसाचे असे सांगतात, आणि त्यामुळे ढवळीकरांनी या नावामागे खरा स्थपती असू शकतो असे मत मांडले.

कथेचा प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेण्याची गरज नाही. तिचे मोल वेगळे आहे : काम वरून खाली झाले याची आठवण लोकांनी शेकडो वर्षे एका अचूक तांत्रिक तपशिलासह जपली. त्या कथेत चमत्कार नाही, कामाच्या क्रमाची हुशारी आहे.

जुन्या लेखांत स्थपतीला ‘सूत्रधार’ म्हटलेले आढळते. आज हा शब्द आपण नाटकासाठी आणि कटकारस्थानासाठी वापरतो, पण मुळात तो ज्याच्या हातात मापाची दोरी आहे त्याचा आहे. कैलासात दोरीचे काम विलक्षण कठीण होते. बांधकामात पाया आखला की भिंती त्यावर उभ्या राहतात. येथे पाया सर्वांत शेवटी दिसणार होता. शिखराच्या मध्यापासून गर्भगृहाचा मध्य, मंडपाच्या छतापासून सोळा खांबांच्या जागा, द्वारापासून पुलाची पातळी, ही सगळी मापे शंभर फूट खाली उतरेपर्यंत ओळंबा, दोरी आणि काटकोनावर राखायची होती, आणि खांबाच्या जागी चुकून टाकी चालली तर तो खांब पुन्हा उभा करता येणार नव्हता. म्हणून आधी कच्चा आकार, त्यात सोडलेला जादा दगड, आणि मग शेवटचा हात अशा टप्प्यांनी काम गेले असले पाहिजे. अजिंठ्याचे अपुरे राहिलेले २४ क्रमांकाचे लेणे पाहिले की खोदकामाचे असे टप्पे उघड्या डोळ्यांनी वाचता येतात. अंगणाच्या उभ्या कड्यांवर तर टाकीच्या रेघा आजही स्पष्ट आहेत.

जिथे दगड हरला

एकसंध दगड म्हणजे निर्दोष दगड नव्हे. दख्खनचा हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या एकावर एक आलेल्या थरांनी बनला आहे. घट्ट काळ्या थरांना उभ्या चिरा असतात, मांजऱ्या थर त्या मानाने सलग असतात, आणि दोन थरांच्या सांध्यातून पाणी झिरपते. बांधकामात खराब दगड बाजूला टाकून दुसरा घेता येतो. येथे चिरांसकट जो खडक मिळाला तोच पत्करावा लागला, आणि पावसाळ्यातली झिरपण ही वेरूळच्या जतनापुढची कायमची अडचण राहिली आहे.

दुसरी मर्यादा ताणाची. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. दोन टोकांवर टेकलेला दगडी पूल स्वतःच्या वजनाने वाकू पाहतो आणि त्याच्या खालच्या अंगाला ताण येतो. आत लोखंड नाही, तिथे एखादी नैसर्गिक चीर पुरते. सभामंडप आणि दक्षिणेकडील वरचे दालन यांना जोडणारा पूल आज नाही. मंडपापुढचे पूल मात्र टिकून आहेत. चारही अंगांच्या भरीव वस्तुमानावर विसंबलेले भाग बाराशे वर्षे उभे राहिले आणि तुळईसारखा ताण घेणाऱ्या भागांपैकी एक गेला, हा फरक विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखा आहे.

काम एका राजाच्या काळात सर्वस्वी संपले नाही. कैलास पर्वत हलवणाऱ्या रावणाचे प्रसिद्ध शिल्प मुख्य मंदिरानंतर काही दशकांनी कोरले गेले असावे, असे ढवळीकरांचे मत आहे, आणि कड्यातील वरची दालनेही टप्प्याटप्प्याने वाढलेली दिसतात. जैन लेण्यांमध्ये ३० क्रमांकाला याच मंदिराची लहान आवृत्ती सुरू झाली. तिला छोटा कैलास म्हणतात, आणि ती अपुरीच राहिली.

वेरूळला जाणारे बहुतेक लोक दारातून आत शिरतात, हत्तीजवळ उभे राहून वर पाहतात आणि परततात. बाजूच्या पायवाटेने कड्यावर चढून, जपून, काठापासून अंतर राखून, एकदा वरून पाहावे. सभामंडपाच्या छतावर कोरलेले मोठे कमळ आणि त्याभोवतीचे चार सिंह तिथून पूर्ण दिसतात. अंगणात उभ्या असलेल्या माणसाला ते कधीच दिसत नाहीत. विमानाचा माथा मागच्या कड्याच्या पातळीपासून दहा-अकरा फूटच खाली आहे. कड्यावर आपण जिथे उभे असतो, तिथून त्या माथ्यापर्यंतची सगळी मोकळी जागा एके काळी आपल्या पायाखालचाच दगड होती, आणि त्याच पातळीवर कोणीतरी खुंटी ठोकून पहिली दोरी ताणली.